विमल, यादीतलं तिसरं गाणं

विमल, परवा गुरुवारी मी तुझं गाणं बंद पाडलं.

तू जाऊन सात आठवडे झाले. तुझ्या गाण्याच्या चौदा बायका कॉलनीच्या हॉलमध्ये उभ्या राहून डोळे पुसत गात होत्या. मी मागच्या बाकावरून उठलो आणि सांगितलं, हे गाणं यंदा म्हणायचं नाही. त्यांच्यातल्या बुलबुलदीनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही तुझ्या फोटोचा हारच मी ओढून काढलाय. घरी आलो, भात लावला, तसाच झाकून ठेवला. दोन दिवस कुणाशी बोललो नाही. आता बोलायचं तर तुझ्याशीच बोलतो.

तसंही इथल्या मराठी मंडळाचे लोक मागे लागलेत, अंकासाठी वहिनींवर दोन पानं द्या म्हणून. त्यांना जन्मगाव, शिक्षण, कार्य असलं काहीतरी पाहिजे. म्हटलं ते मनूकडून घ्या, लेकीला तारखा पाठ असतात. मी जे लिहीन ते हिला लिहीन, छापायचं तर छापा. मनूला मराठी लिहिता येत नाही हे मी विसरलो होतो. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणते, "बाबा, आईचं बद्दल मी इंग्लिशमध्ये दिलं." आईचं बद्दल. तू असतीस तर तिच्या न्यू टाउनच्या घरापर्यंत ऐकू जाईल असं ओरडली असतीस.

मी सातवीपर्यंतचा माणूस. ऱ्हस्व-दीर्घ बघू नकोस.

वाचणाऱ्यांना थोडं सांगावं लागेल, नाहीतर त्यांना वाटेल म्हातारा काय बडबडतोय. मी रेल्वेत होतो, गोंदियाहून बदलीवर इकडे कोलकात्याला आलो आणि इथलाच झालो. काम नदीपलीकडच्या यार्डात, लांब दांड्याच्या हातोडीनं डब्यांची चाकं ठोकायची. चांगलं चाक घंटेसारखं वाजतं. आत तडा असेल तर बद्द वाजतं, मडक्यासारखं. तसं वाजलं की खडूनं खूण करायची, त्याला आमच्यात सिक मारणं म्हणतात. मग डबा गाडीतून काढतात. बस, एवढंच काम, बत्तीस वर्षं. डोळ्यांना तडा दिसत नाही, कानाला कळतो. आमचा जुना मिस्त्री सांगायचा, ऐकून गप्प राहणारा माणूस बहिऱ्यापेक्षा वाईट. हे मी तुलाही शंभर वेळा सांगितलं असेल. तू म्हणायचीस, "झालं का तुमचं चाक सुरू?"

गार्डन रीचच्या कॉलनीत आपल्या शेजारी डोरीनबाई राहायच्या. त्या कॉलनीतल्या बायकांकडून नाताळची गाणी बसवून घ्यायच्या. मुलाकडे परदेशी जायला निघाल्या, तेव्हा गाण्यांच्या वह्यांची पत्र्याची ट्रंक त्यांनी तुझ्या दारात आणून ठेवली. तुला हार्मोनियम येत होती, भजनं येत होती, एवढंच. मी म्हटलं, "तू हिंदू बाई, नाताळ शिकवणार?" तू म्हणालीस, "डोरीनबाई म्हणतात, गळ्याची जात नाही बघायची, उंची बघायची."

माझं दुसरं म्हणणं असं होतं की भजनात सगळे एकच गातात, यांच्यात चौघे चार दिशांना का जातात? तू त्यावर भाषण दिलं नाहीस. स्वयंपाकघरात डाळ शिजत होती. तू म्हणालीस, "सा धरा. काही झालं तरी सोडू नका."

"किती वेळ?"

"मी थांबेपर्यंत."

मी धरला. आणि तू वरून काहीतरी वेगळंच गायला लागलीस. एका ठिकाणी तुझा सूर माझ्या इतका जवळ आला की दोन्ही एकमेकांवर घासले, मला वाटलं आता चुकलं. तेवढ्यात तो असा सुटला, असा उघडला, की माझ्या हातावर काटा आला. मनगटापासून कोपरापर्यंत. तू विचारलंस, "कसं वाटलं?" मी म्हणालो, "बरं आहे. डाळ उतू गेली."

काट्याचं मी तुला कधी सांगितलं नाही. आता सांगतोय, त्याचा काय उपयोग.

तुझ्या बायका तुला दिदी म्हणायच्या, म्हणून मी त्यांचा जामाईबाबू, बहिणीचा नवरा. सुरुवातीला मी तुला न्यायला म्हणून हॉलवर यायचो. मग मागच्या बाकावर बसायला लागलो. मग तू मला कामालाच लावलंस. गाणं संपलं की तू वळून माझ्याकडे बघायचीस. मी "वाजतं" म्हणायचो किंवा "नाही वाजत" म्हणायचो. कुठे नाही, ते तू शोधायचीस. बुलबुलदी म्हणायची, "जामाईबाबू, तुम्ही आमची चाकंच ठोकता." ती स्वतः पोस्टातून रिटायर झालेली, शिस्तीची बाई, आवाज उंच आणि नाक त्याहून उंच.

सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू? भाद्रपद. बाहेर घामानं जीव जातोय, आणि तू पंख्याखाली बसून हिवाळ्याची गाणी निवडतेस. कागद उडू नयेत म्हणून वर पोळपाट. शेजारी मी पालेभाजी निवडत बसलेला. निम्मी पानं मी वाया घालवायचो, कारण तू अधूनमधून एखादी ओळ गुणगुणायचीस आणि माझा हात थांबायचा.

गाणं सुंदर आहे का हे तू आधी बघतच नव्हतीस. याचं मला नवल वाटायचं. तू आधी बोट फिरवत बघायचीस, सगळ्यात वरचा सूर कुठे आहे. आत्ता चढतो तो सूर डिसेंबरात चढत नाही, म्हणायचीस. डिसेंबरात सकाळचं धुकं, धूर, निम्म्या बायका गळ्याला मफलर गुंडाळून खोकत येणार. म्हणून सगळं एक पायरी खाली. मग श्वास. ओळ किती लांब, मध्ये कुठे थांबता येतं. पेन्सिलीनं बारीक खुणा करायचीस. मग खालच्या तिघी. लक्ष्मीअम्मा आणि तिच्या दोन मैत्रिणी, जाड आवाजाच्या. तू म्हणायचीस, "यांनी गाणंभर एकच सूर दळत बसायचं असेल तर या घर सोडून कशाला येतील? एकदा तरी चाल यांच्या हातात आली पाहिजे." तशी जागा नसली तर कितीही गोड गाणं असो, तू बाजूला ठेवायचीस.

हे शहाणपणाचं होतं, विमल. त्या वेळी मी म्हणालो होतो, "फार चिकित्सा करतेस."

यादीत तीन गाणी. पहिलं असं सोपं की दुसऱ्या गुरुवारी सगळ्यांना पूर्ण आलं पाहिजे. पोटात काही पडल्याशिवाय बाई पुढच्या घासाला बसत नाही, हे तुझंच वाक्य. दुसरं बहुतेक गोल गाणं. पहिला गट सुरू करतो, तो दुसऱ्या ओळीवर गेला की दुसरा गट पहिल्यापासून धरतो, मग तिसरा. शिकवायचं एकच, ऐकू येतात तीन. बायका त्यात हसत हसत एकमेकींच्या पाठी लागायच्या. आणि तिसरं अवघड. ते दुर्गापूजेच्या सुट्टीआधी सुरू करायचं आणि मध्येच सोडून द्यायचं. मी म्हणायचो, सगळ्या जणी माहेरी जाऊन येतील, खातील, पितील, विसरतील. तू म्हणायचीस, "विसरू देत. येऊन जेवढं आठवेल तेवढंच खरं त्यांचं झालेलं असतं. पुढे तेवढ्यावरच बांधायचं."

बर्फाचं भांडण आपलं मिटलंच नाही. त्या वह्यांत बघावं तिकडे बर्फ. मी म्हटलं, "कोलकात्यात बर्फ बघायचा तर मासळीबाजारात जावं लागतं. या बायकांना बर्फाचं गाणं कशाला?" तू म्हणालीस, "तुम्ही वैकुंठ बघितलंय? मग भजनात डोळे कशाला मिटता?" आणि दुसऱ्या दिवशी माझंच वाक्य चोरून हॉलमध्ये सांगितलंस, बर्फ डोळ्यांपुढे येत नसेल तर बाजारातल्या इलिश माशाखालचा आठवा. बुलबुलदी म्हणाली, "दिदी, मग गाण्याला वास येईल!" झालं. तो अख्खा गुरुवार वाया गेला. बर्फाचं कडवं आलं की चौदा जणी तोंडाला पदर लावून हसायच्या.

पण तू माझं ऐकलंस थोडं. बुलबुलदीच्या सासूला खजुराच्या रसाचं एक खेड्यातलं गाणं येत होतं, थंडीत पहाटे मडकं उतरवायला जातात त्याचं. ते तू घेतलंस, खालच्या तिघींसाठी त्याला दुसरा आवाज बांधलास. मला वाटलं मी जिंकलो. तर तू बर्फाचं काढलंच नाहीस. "दोन्ही राहतील," म्हणालीस. "न पाहिलेलंही माणसाला गाता आलं पाहिजे." मला अजून पटलेलं नाही. नोंद करून ठेव.

आता ते सांगतो.

नऊ वर्षांपूर्वीचं वर्ष. कॉलनीच्या कार्यक्रमाला कुणी मोठे साहेब येणार होते. तू तिसरं गाणं चार आवाजांचं निवडलंस. त्यात मधलं एक कडवं पेटीशिवाय. पेटी थांबते, बायका एकट्या गातात, आणि पुढच्या कडव्याला पेटी परत येते. त्याच डिसेंबरात माझ्या भावाच्या मुलीचं लग्न, गोंदियाला. तू म्हणालीस, मला प्रॅक्टिस सोडून जाता येणार नाही. मी म्हणालो, तुझा नाताळ आमच्या लग्नापेक्षा मोठा झाला का? तू म्हणालीस, तुम्ही जा की. मी गेलो नाही. मुद्दाम गेलो नाही, म्हणजे तुला बोचत राहावं. आठ दिवस घरात मी फक्त "मीठ" आणि "दार लाव" एवढंच बोललो. तू मात्र बोलत होतीस. चहाला बोलावत होतीस, वरण वाढू का विचारत होतीस.

शेवटच्या प्रॅक्टिसला मी नेहमीसारखा मागच्या बाकावर. पेटी थांबली. बायका गाऊ लागल्या. तिसऱ्या ओळीत खालच्या तिघींचा श्वास संपला, शब्दाच्या मध्येच संपला, आणि तो परत घेताना त्यांचा सूर केसभर खाली बसला. वरच्या बायका त्यांच्यावर टेकून गात होत्या, त्याही खाली आल्या. सगळं गाणंच हळूच खाली बसलं, गाळात नाव बसते तसं. एकमेकींशी बरोबर, म्हणून कुणालाच काही वाटलं नाही. त्या दिवशी तू पुढच्या कडव्याची पेटी वाजवलीच नाहीस, वेळ नव्हता. म्हणून उघडं पडलं नाही. पण मला कळलं. बद्द वाजलं, विमल. इतकं स्वच्छ बद्द मी यार्डातही क्वचित ऐकलं असेल.

तू वळून माझ्याकडे बघितलंस. मी पंख्याकडे बघितलं.

कार्यक्रमाच्या दिवशी व्हायचं तेच झालं. कडवं संपलं, तू पेटीवर हात ठेवलास, आणि पेटी एकीकडे, चौदा बायका दुसरीकडे. दोन ओळी त्या ओढत राहिल्या. मग बुलबुलदी थांबली, मग सगळ्याच. तू हात वर करून तशीच उभी. पुढच्या रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कीव येऊन वाजवतात तशा. मला पळून जावंसं वाटलं.

घरी येऊन तू चहा केलास. म्हणालीस, "माझीच निवड चुकली. गाणं त्यांच्या अंगाबाहेरचं होतं." मी चहा प्यालो. त्या वेळी तोंड उघडून म्हणायचं होतं, विमल, मला कळलं होतं, मी बोललो नाही. कप विसळून ठेवला आणि झोपलो.

त्यानंतर तू कधी अवघड गाणं घेतलं नाहीस. तीनही सोपी, पेटी पहिल्यापासून शेवटपर्यंत हाताखाली. बायका खूश होत्या. लोक म्हणायचे छान झालं. तू भाद्रपदात बसायचीस, त्या चार आवाजांच्या गाण्याची वही ट्रंकेतून काढायचीस, दोन मिनिटं हातात धरून परत ठेवायचीस. मी भाजी निवडत असायचो. मी बघायचो. दर वर्षी बघायचो. चौदा बायकांना तू वर चढवत होतीस, आणि माझ्या आठ दिवसांच्या रुसव्यापायी तू त्यांना जिन्याच्या मध्यावरच बसवलंस, असं मला वाटत राहिलं.

यंदा मात्र तू ती वही परत ठेवली नाहीस. पोळपाटाखाली ठेवलीस. म्हणालीस, "यंदा जमेल बहुतेक. तुम्ही येऊन ऐका. आणि खरं सांगा."

मी गुडघ्याचं निमित्त काढलं. गुडघा दुखतो हे खरं, पण हॉल काही गुडघ्यानं मोडावा इतका लांब नाही. मला भीती वाटली. परत तेच ऐकू आलं तर काय करायचं, याची. म्हटलं, "पूजेनंतर येतो." तू म्हणालीस, "पूजेनंतर तर पूजेनंतर." इथली कोजागरीची लक्ष्मीपूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. भाजीवाल्याला हाक मारायला खिडकीशी उभी राहिलीस आणि खालीच बसलीस. त्यापुढचं लिहीत नाही.

बायका आल्या होत्या, रडल्या, गेल्या. तेरावं झालं आणि परत आल्या. बुलबुलदी पुढे. "जामाईबाबू, आम्ही ठरवलंय. दिदीनं काढलेलं तिसरं गाणं आम्ही म्हणणारच. तिच्या नावानं. तुम्ही फक्त येऊन बसा." आमचं सगळं बोलणं हिंदी-बंगाली खिचडीत चालतं, इथे मराठीत लिहितोय. समोर तुझ्या जागेवर आता लक्ष्मीअम्मा हात हलवते. पेटी बुलबुलदीची सून वाजवते.

मी गेलो परवा. बाकावर बसलो. पहिलं गाणं झालं, खजुराच्या रसाचं झालं. मग ते. पेटी थांबली आणि त्यांनी उचललं. विमल, नऊ वर्षांत या बायका फार पुढे गेल्यात. तूच नेल्यास, सोप्या सोप्या गाण्यांनी, मला वाटत होतं तू त्यांना बसवून ठेवलंस. वरच्या आवाजात असा काही उजेड होता की मी बाकाच्या कडेवर सरकून बसलो. रडत होत्या, तरी एकत्र होत्या. मी मनात म्हणत होतो, होऊ दे, होऊ दे. आणि तिसऱ्या ओळीला खालच्या मैत्रिणींचा श्वास संपला. लक्ष्मीअम्मा पुढे उभी असल्यामुळे आता खाली दोघीच. सूर बसला. तेवढाच. केसभर.

गाणं संपलं. चौदा जणी माझ्याकडे वळल्या.

बुलबुलदी म्हणाली, "काय, जामाईबाबू? वाजतं ना?"

तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी हो म्हणालो असतो तर कुणाचं काय बिघडलं असतं? मेलेल्या बाईच्या नावानं गायलेलं गाणं कुणी तपासत नाही. कार्यक्रमात उतरलं असतं तर लोक म्हणाले असते, रडू आलं बिचाऱ्यांना. सगळ्यांनी माफ केलं असतं.

पण तुझ्या नावाला कीव नको. मी म्हणालो, "नाही. हे यंदा नाही म्हणायचं."

"का?" आवाज केवढा चढला तिचा.

"खालून बसतंय. पेटी आली की तुम्ही दोन तुकडे व्हाल. त्या वर्षीसारखे."

"त्या वर्षी साहेब आले होते, आम्ही घाबरलो होतो."

"घाबरला नव्हतात. आधीच्या गुरुवारीच बसलं होतं. मी ऐकलं होतं. बायकोशी रुसलो होतो म्हणून बोललो नाही."

मग बुलबुलदी म्हणाली, "तेव्हा बोलला नाहीत, आणि आज, आज बोलता?" तिनं शाल उचलली आणि गेली. तिच्यामागे सहा-सात जणी गेल्या. उरलेल्या कुठे बघावं ते न कळून चपला शोधत होत्या. एकीनं विचारलं, मग तिसरं कुठलं? मी म्हटलं, गोल गाणं म्हणा, तुमचं जुनं, हसत म्हणता ते. आणि हे टाकू नका. श्वासाची जागा बदला, खाली अजून दोघी आणा, एक पायरी उतरवा, आणि पुढच्या भाद्रपदात परत काढा. मी दर गुरुवारी येईन. मला गाण्यातलं एवढं बोलता येतं हे मला त्या दिवशीच कळलं. सगळी तुझीच वाक्यं.

लक्ष्मीअम्मा कुलूप लावायला मागे थांबली. आम्ही पायऱ्यांवर उभे होतो. ती कमी बोलते, तुला माहीत आहे. किल्ली फिरवता फिरवता म्हणाली, "जामाईबाबू, दिदीला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही पंख्याकडे बघितलं ते. त्या दिवशी इथंच उभी होती ती. मला म्हणाली, आमच्या माणसाला काहीतरी ऐकू आलंय आणि तो तोंड उघडत नाहीये. मी म्हटलं, मग विचारा ना. तर म्हणाली, मी नाही विचारणार. आठ दिवस मीच बोलतेय. एक शब्द त्यांनी बोलावा, मग बघू."

मी पायरीवरच बसलो.

म्हणजे तुला ठाऊक होतं, विमल! तुला ठाऊक होतं आणि तू तशीच चौदा बायका घेऊन स्टेजवर चढलीस? माझ्या एका शब्दासाठी? आणि वर घरी येऊन चहा हातात देऊन म्हणालीस, माझीच निवड चुकली. खोटारडी. नऊ वर्षं मी तो चहा गिळतोय. मी ऐकून गप्प बसलो, तू ओळखून गप्प बसलीस, आणि मान खाली गेली त्या बिचाऱ्यांची. आपण दोघं कसले नवरा-बायको गं? एकाच जुवाखालचे दोन आडमुठे बैल.

लक्ष्मीअम्मा म्हणाली, "हसताय का?" मला कळलंच नव्हतं मी हसतोय.

मग वाटलं, यंदा तू विचारलंस. नऊ वर्षांनी का होईना, आधी तू विचारलंस. "खरं सांगा" म्हणालीस. तुझ्यासारख्या हट्टी बाईनं ते तोंडातून काढायला किती भाद्रपद घालवले असतील. आणि मी गुडघा पुढे केला. त्या पायरीवर बसून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही, तेवढी मराठी मला येत नाही.

मनू रविवारी येते. म्हणते, बाबा, इथे एकटं काय करतोस, आमच्याकडे चल, लिफ्ट आहे. तू सांगितलं होतंस तिला, बाबांना अरे-तुरे करू नको म्हणून. मी मात्र काही म्हणत नाही, तेवढं तरी मराठीत बोलते. मी तिला सांगितलं, गुरुवारी मला काम असतं. तिला वाटलं डॉक्टर.

आज सकाळी बुलबुलदीचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "राग गेलेला नाही," म्हणाली. "पण गोल गाण्याची तिसरी तुकडी चुकतेय असं मला वाटतं. सोमवारी जादा प्रॅक्टिस आहे. येऊन ऐका." मी म्हटलं येतो. म्हणाली, "आणि नाही वाजलं तर लगेच सांगा. पंख्याकडे बघू नका." म्हणजे लक्ष्मीअम्मानं सगळ्यांना सांगितलंय. कमी बोलते म्हणे!

दुपारचं ऊन खाटेपर्यंत आलंय. संत्री आणून ठेवलीत, सोलायचा कंटाळा येतो. तू सोलून अर्धं मला द्यायचीस आणि जास्त शिरा त्याच अर्ध्याला असायच्या, हेही मी कधी बोललो नाही.

मला एकच विचारायचंय. त्या वर्षी मी हॉलमध्ये उठून म्हणालो असतो, विमल, थांबव, उतरतंय, तर तू ऐकलं असतंस का? मला नाही वाटत. तू म्हणाली असतीस, आठ दिवस मुकं राहून आज तोंड उघडलं ते माझं गाणं मोडायला? आणि हट्टानं तेच गायला लावलं असतंस. हो की नाही? मी तुला ओळखतो. यात तुझी चूक जास्त आहे, माझी कमी.

असं मी म्हणतोय. आता तू गप्प राहू नकोस. एकदा उलट बोल.